दोन कुलपांची खोली

मेल्यावर माणूस सुटतो, असं ज्याने कोणी म्हटलं असेल त्याला काळाचौकीच्या चाळीत एक बंद खोली मिळवायला लावली पाहिजे, असं दौलत घाडींचं ठाम मत झालं होतं. शेजारचा राजाराम गुडेकर कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. तो सुटला असेलही. पण त्याच्या मागे राहिलेल्या दहा बाय बाराच्या खोलीने दौलतरावांच्या डोक्याचा पार भुगा करून टाकला होता.

एरवी त्या खोलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. राजाराम एकटा माणूस. लग्न नाही, पोरबाळ नाही. गिरणी बंद पडल्यावर कुठल्याशा हॉस्पिटलात वॉर्डबॉय झाला आणि रिटायर होऊन गॅलरीत स्टूल टाकून बसायला लागला. तो गेल्यावर दाराला कुलूप लागलं. काही दिवसांनी त्याच कडीला दुसरं कुलूप लागलं. एका दाराला दोन कुलपं कशाला, असा प्रश्न चाळीत कोणालाच पडला नाही. लोकांना स्वतःचं पुरे झालं होतं.

दौलतरावांना तो प्रश्न पडला वैभवच्या लग्नामुळे. मुलाने स्वतःच मुलगी पसंत केली होती. कळव्याची प्रिती, बँकेत नोकरी, स्वभावाने चांगली. तिचे वडील, राऊत, घर बघायला आले. चहा झाला, लक्ष्मीबाईंनी केलेल्या घावन्यांचं कौतुक झालं. मग राऊतांनी मान वर करून पोटमाळ्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "घर छान आहे हो. पण झोपतं कोण कुठे?"

आता यावर काय सांगणार? नवरा-बायको पलंगावर, वैभव माळ्यावर, आणि त्याची धाकटी बहीण श्रेया स्वयंपाकाचा ओटा आणि मोरी यांच्या मधल्या पट्ट्यात, रात्री स्टीलची पिंपं सरकवून. दौलतराव काहीतरी पुटपुटले. राऊत उठता उठता म्हणाले, "दोघांना एक वेगळी खोली होऊ द्या. तारीख लगेच धरू." माणूस वाईट नव्हता. मुलीचा बाप होता, त्याने विचारायला हवं तेच विचारलं होतं. दौलतरावांना मात्र त्या रात्री पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

काळाचौकीत वेगळी खोली घ्यायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण भिंतीपलीकडे तर एक खोली नुसती धूळ खात पडली होती! दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून ते गिरगावात मालकाच्या ऑफिसात गेले. भाडं गोळा करणारे मेहताजी तिथे पंख्याखाली बसून दाणे खात होते.

"राजाराम गुडेकर? तो तर वारला," मेहताजी म्हणाले.

"ते मला माहीत आहे. ती खोली आम्हाला पाहिजे."

"घ्या की. वारस आणा. त्याने हक्क सोडला, बाकी कोणाची हरकत नसली, की भाड्याची पावती तुमच्या नावाने."

"त्याला कोणी नव्हतं हो."

"शेठ, मुंबईत खोलीवाल्याला कोणी नाही, असं होत नाही. शोधा. नायतर कोर्टात जा. पण मग खोली नातवाच्या लग्नाला उपयोगी पडेल."

वारस शोधणं अवघड गेलं नाही. वारस भरपूर होते. दौलतरावांचं दुर्दैव तेच.

पहिलं कुलूप, मोठं पितळी, बाबुराव गुडेकरांचं. हे परळला राहत. राजारामचे चुलतभाऊ, संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावातल्या वरच्या घरचे. दुसरं कुलूप, चकचकीत स्टीलचं, मनू गुडेकरचं. हाही चुलतभाऊच, पण खालच्या घरचा. याचं दादरला झेरॉक्सचं दुकान. गावात या दोन घरांच्या मध्ये एक फणस होता आणि त्याची एक फांदी कोणीतरी, कधीतरी तोडली होती. फांदी कोणी तोडली यावर वरच्या आणि खालच्या घराचं बोलणं जे बंद झालं ते झालं. फणस पुढे वादळात आडवा झाला. भांडण मात्र उभं होतं.

"आमची अजिबात ना नाही," बाबुराव म्हणाले. "तुम्ही शेजारी. राजाच्या आजारपणात तुमच्याच घरनं पेज जायची. पन त्या मन्याला इचारा आधी. उद्या तो बोंबलत सुटंल, वरच्या घराने परस्पर इकली म्हनून."

"काका, घ्या ना तुम्ही रूम, मला काय करायचीय?" मनू म्हणाला. तो एका हाताने कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स काढत होता. "पण बाबुरावचं कुलूप निघाल्याशिवाय माझं नाय निघणार. क्लिअर सांगतो. त्याला विचारा आधी."

दौलतराव परळला गेले. बाबुराव म्हणाले, मनूला सांगा आधी त्याचं कुलूप काढायला. ते दादरला गेले. मनू म्हणाला, पहिलं कुलूप ज्याने लावलं त्याने पहिलं काढावं, सिंपल आहे. दोघांनाही खोली नको होती. दोघेही चांगल्या मोठ्या फ्लॅटात राहत होते. पण ती दुसऱ्याला मिळता कामा नये, आणि ती आपण सोडली असंही दिसता कामा नये, यासाठी दोघांनी जिवाचं रान केलं होतं. दौलतरावांनी एकदा दोघांना एका हॉटेलात समोरासमोर बसवायचा घाट घातला. दोघे आले, पण एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. "दौलतराव, त्यांना सांगा," असं म्हणत दोघांनी त्यांच्यामार्फतच भांडण केलं, वर मिसळही खाल्ली.

मग कोणीतरी सुचवलं, गावी म्हातारी काकू आहे, तिचा शब्द दोन्ही घरं मानतात. दौलतराव एसटीने संगमेश्वर आणि तिथून रिक्षाने गावी गेले. म्हातारीने त्यांना पोटभर जेवू घातलं, आईवडलांची चौकशी केली, ते जाऊन जमाना झाल्याचं ऐकून डोळ्यांत पाणी आणलं आणि खोलीचा विषय निघाल्यावर म्हणाली, "मुंबैतल्या खोलीचं मी काय सांगनार, लेका? ता मुंबै मंडळ ठरवतंय."

"कुठे असतं मंडळ?"

"परळाक. शाळंत भरतंय."

परळ! चाळीपासून चालत जायच्या अंतरावर! परतीच्या एसटीत दौलतराव रात्रभर दात-ओठ खात बसले. शेजारच्या प्रवाशाने त्यांना उलटी होतेय असं समजून प्लॅस्टिकची पिशवी दिली.

गावाच्या मुंबई मंडळाची सभा रविवारी होती. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, भिंतीवर बाराखडी, आणि पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली साठी-सत्तरीची माणसं. दौलतरावांबरोबर लक्ष्मीबाईही आल्या होत्या. नवऱ्याची जीभ कुठे घसरेल याचा भरवसा नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. बाबुराव खिडकीकडच्या बाकावर, मनू दाराकडच्या.

सभेत आधी देवळाच्या स्पीकरवर चर्चा झाली. मग स्पीकर कोणी आणायचा यावर. मग मागच्या खेपेला आणलेला स्पीकर कुठे गेला यावर. दौलतरावांनी दोनदा हात वर केला, दोनदा लक्ष्मीबाईंनी तो खाली ओढला. शेवटी राजारामच्या खोलीचा विषय निघाला आणि वर्गात जो गोंधळ सुरू झाला तो पहिलीच्या पोरांनाही जमला नसता. वरचं घर ओरडलं, खालचं घर ओरडलं, फणस निघाला. दौलतरावांनी कपाळाला हात लावला.

अध्यक्ष म्हणजे ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ. इतका वेळ ते डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत असाच सगळ्यांचा समज होता. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"गप बसा सगळी. मला एक सांगा. राजाला अग्नी कुनी दिला?"

"आपल्या भावकीत रीत हाय," अध्यक्ष म्हणाले. "निपुत्रिकाला जो अग्नी देतो, त्याचा मागचा वाटा त्याच्याकडं. माझ्या चुलत्याचं शेत असंच गेलं. बोला. वरच्या घराने दिला, का खालच्या?"

बाबुराव घसा खाकरून म्हणाले, "तवा सगळं बंद व्हतं. आमाला फोनवर कळलं."

मनू म्हणाला, "मी पॉझिटिव्ह होतो. झोपून होतो घरात."

"मग दिला कुनी? म्युन्सिपाल्टीने?"

दौलतराव बाकावरच्या कोरलेल्या अक्षरांकडे बघत राहिले. लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. एवढ्या पुरुषांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती, पण आवाज कापला नाही.

"आमच्या श्रेयाने दिला," त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे हे दौलतरावांना माहीत होतं. चाळीला माहीत होतं. त्या एप्रिलमध्ये गाडी खाली येऊन उभी राहिली, पांढऱ्या किटमधला माणूस जिन्यातून ओरडला, "जवळचं कोणी तरी एक जण चला, लवकर," आणि सगळ्या मजल्यावर दारं आतून लागली. एरवी सार्वजनिक नळावरून बारीकसारीक भांडणारी माणसं अळीमिळी गुपचिळी करून बसली. दौलतरावांनीही कडी घातली होती. श्रेया तेव्हा लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नुकती लागली होती, दिवसभर किट घालून तेच नमुने तपासत होती. तिने बापाचा हात बाजूला केला, कडी काढली आणि गेली. परत आल्यावर दौलतरावांनी तिला फैलावर घेतलं. लग्नाच्या वयाची पोर स्मशानात जाते, लोक काय म्हणतील, उद्या स्थळं येतील ती काय ऐकतील! पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. आणि या चार महिन्यांत परळ, दादर, गिरगाव, संगमेश्वर पालथं घालताना त्यांना त्या गोष्टीची एकदाही आठवण झाली नव्हती. वारस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे धोतर किंवा पँट घातलेला माणूसच येत होता.

वर्गात कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "पन बाईमानसाने दिलेला अग्नी चालतो काय?"

"राजा जळला ना?" अध्यक्षांनी विचारलं. "मग चालला."

बाबुरावांनी पाहिलं की खोली मनूला जात नाही. मनूने पाहिलं की खोली बाबुरावला जात नाही. दोघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी समाधान पसरलं आणि फणसाची फांदी तुटल्यापासून पहिल्यांदाच वरच्या आणि खालच्या घराचे हात एका ठरावाला एकदम वर झाले. राजाराम गुडेकर यांच्या खोलीवर भावकीचा हक्क नाही, ती कुमारी श्रेया दौलत घाडी हिला द्यावी.

दौलतरावांना आनंदाने काय करावं कळेना. ते म्हणाले, "श्रेया काय, आम्ही काय, एकच. घाडी कुटुंब असं लिहिलंत तरी चालेल."

"कुटुंबाने अग्नी दिला काय?" अध्यक्षांनी विचारलं, आणि पुन्हा डोळे मिटले.

लिहू देत कोणाचंही, दौलतरावांनी मनात म्हटलं. पोर आपली, खोली आपली. त्यांनी शाळेबाहेरूनच राऊतांना फोन लावला, काम झाल्यातच जमा आहे असं सांगितलं आणि येता येता लालबागहून पाव किलो पेढे घेतले. मेहताजींचं जे काही द्यायचं असतं ते श्रेयाने आपल्या बचतीतून दिलं. चार दिवस रजा टाकून ती स्वतः गिरगावला फेऱ्या मारत होती. भावाच्या लग्नासाठी पोर किती करते, असं दौलतराव चाळीत कौतुकाने सांगत फिरले. तिला कोणी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही.

कुलपं निघाली ती एका शनिवारी. बाबुराव आणि मनू आपापली किल्ली घेऊन आले आणि पहिलं कोणाचं काढायचं यावर दारात अडून बसले. तेव्हा दौलतराव एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला लागली. दोघांनी मुकाट्याने एकदम किल्ल्या फिरवल्या. आत एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह आणि कोंदट वास. दुसरं काही नाही. गुडेकर मंडळी चहा घेऊन गेली आणि वैभव मेजरिंग टेप घेऊन आत शिरला.

"बाबा, इथे कपाट बसेल. बेड असा घेतला तर खिडकी मोकळी राहते. प्रितीला फोटो पाठवतो."

"दादा, थांब," श्रेया म्हणाली. ती दारात उभी होती, हातात झाडू आणि बादली. "इथे मी राहणार आहे."

वैभव हसला. त्याला वाटलं, चेष्टा. तिने बादली खाली ठेवली.

"म्हणजे काय?" दौलतराव म्हणाले.

"म्हणजे खोली माझ्या नावावर आहे आणि मी इथे राहणार आहे."

"अगं, तुझ्या नावावर ती त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातल्या खुळामुळे! मी चार महिने जोडे झिजवले ते कोणासाठी? त्या दोन बैलांच्या मिनतवाऱ्या केल्या, संगमेश्वरपर्यंत हाडं खिळखिळी करून आलो, ते कोणासाठी?"

"दादासाठी," श्रेया म्हणाली. "मला माहीत आहे ना."

"मग? त्याचं लग्न अडलंय. तुझं काय अडलंय?"

श्रेया म्हणाली, "बाबा, मी सत्तावीस वर्षांची आहे. अजून मी मोरीची कडी लावून कपडे बदलते. नाईट करून आले की आई भाजी चिरत असते त्या जागेत आडवी होते. बारावीपासून माझा सगळा अभ्यास या खोलीत झाला. काका स्टूल घेऊन बाहेर बसायचे, म्हणायचे, तू आत बस, मला वारा हवाय. उन्हाळ्यात कसला वारा असतो तिथे? म्हणून मी त्यांच्याबरोबर स्मशानात गेले. खोली मिळेल म्हणून नाही गेले."

"आणि लग्न झाल्यावर काय करणार खोलीचं? जाणारच ना तू?"

"आणि नाही झालं तर?"

दौलतरावांनी इतक्या महिन्यांत मेहताजीला, बाबुरावला, मनूला, सगळ्यांना उत्तरं दिली होती. याला उत्तर सुचेना, म्हणून ते आणखी मोठ्याने बोलू लागले. पोरांना शिकवून चूक झाली. या घरात बापाला किंमत नाही. उद्या हे लग्न मोडलं तर मी कोणाला तोंड दाखवू. वैभव टेप गुंडाळत "बाबा, राहू दे," म्हणत होता आणि त्याचाही चेहरा उतरला होता. गॅलरीत माणसं जमली होती. तेवढ्यात लक्ष्मीबाई बाहेर आल्या. चिडल्या की त्या आपल्या आईच्या मालवणीत बोलत.

"आता गप रवा," त्या म्हणाल्या. "चार म्हयने गावभर वारस शोधीत फिरलात. घरातल्या चेडवाक एकदा तरी इचारलात, बाय, तुका काय व्हया?"

एवढं बोलून त्यांनी श्रेयाच्या हातातला झाडू घेतला आणि राजारामच्या खोलीतली जळमटं काढायला लागल्या. दौलतराव आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. भिंतीपलीकडून खाट सरकवल्याचा आवाज येत होता. आपलीच बायको, आपलीच मुलगी, आपल्याच मेहनतीने मिळालेली खोली, आणि आपणच काय ते परके. राग आवरत नव्हता. त्याच्या मुळाशी दुसरं काहीतरी टोचत होतं, ते त्यांना त्याहून आवरत नव्हतं. दारं लागली होती तेव्हा त्यांच्याही दाराची कडी आतून होती.

संध्याकाळी राऊतांचा फोन आला.

"काय दौलतराव, ताबा मिळाला म्हणे! प्रिती म्हणत होती, वैभवने फोटो पाठवतो सांगितलंन, पण अजून आले नाहीत. मग तारीख धरायची ना?"

वैभव समोर बसला होता. त्याने नजर खाली घातली. दौलतरावांना एक क्षण वाटलं, सांगून टाकावं, धरा तारीख. पोरीला काय, दोन दिवस रडेल, समजून घेईल. आजवर घेतलंच आहे.

"खोली मिळाली," ते म्हणाले. "पण ती माझ्या मुलीची आहे."

"म्हणजे? तिच्या नावावर केलीत होय, टॅक्सबिक्ससाठी?"

"टॅक्स नाही न् काही नाही! तिची म्हणजे तिची. ती राहणार तिथे. माझ्या मुलाकडे वेगळी खोली नाही, त्याला नोकरी आहे, अंगात धमक आहे, तो भाड्याने बघेल. तुम्हाला पटत असेल तर तारीख धरा, नसेल पटत तर तसं सांगा. पण आता मला कोणाच्या वारसाचं आणि कोणाच्या खोलीचं काही विचारू नका. माझं डोकं फिरलंय."

"प्रितीशी बोलून कळवतो," राऊत म्हणाले. वैभव उठला आणि फोन घेऊन गॅलरीच्या टोकाला गेला.

दौलतराव उठून बाहेर आले. शेजारचं दार लोटलेलं होतं. नेहमीच्या सवयीने ते ढकलून सरळ आत शिरणार होते, पण हात मध्येच थांबला. एवढ्या वर्षांत स्वतःच्या मुलीचं दार वाजवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. तिला दारच नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्या रागात त्यांनी जरा जोरातच टकटक केलं.

"कोण?" आतून श्रेयाने विचारलं.

"मी," दौलतराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "येऊ का आत?"